950 डॉलरपर्यंत चोरी माफ, म्हणे!

मिरजेचे काका दर रविवारी घरच्या ग्रुपवर काहीतरी पाठवतात. हळदीचे फायदे, नासाने मान्य केलेला ओंकार, गुडघेदुखीवर एरंडाचं पान. मी न वाचता अंगठा देते आणि चहा टाकायला उठते. पण गेल्या रविवारच्या मेसेजखाली माझ्या भाच्याने लिहिलं, "मावशी, मग कपडे कमीच आणतो, तिकडेच उचलू." पुढे चार हसरे चेहरे. हा मुलगा ऑगस्टमध्ये सॅन होजेला एमएस करायला येतोय. म्हणून या वेळी अंगठा दिला नाही.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मथळा 'अमेरिकेने दिला धडा'. मजकूर थोडक्यात असा: सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अमेरिकी अब्जाधीश जॉर्ज सोरोसने बसवलेला, दहशतवादी आईबापांचा मुलगा सरकारी वकील झाला. त्याने 950 डॉलरपर्यंतची चोरी कायदेशीर केली. जनतेने त्याला एका दिवसात खुर्चीवरून खेचलं. फ्लोरिडातही जनतेने असेच दोन सरकारी वकील हाकलले. लगेच गुन्हे थांबले. भारतातही सरकारी वकील निवडून द्या आणि त्यांना परत बोलावण्याचा हक्क जनतेला द्या. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मी सतरा वर्षं फ्रीमाँटला राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या या बाजूला, अलामिडा काउंटीत. इथे जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अटर्नी, लोक मतदानाने निवडतात. डीए म्हणतात त्याला. मेसेजमधला डीए म्हणजे चेसा बूडिन.

आधी ते 950 डॉलर, कारण त्यातच आमचा मुलगा अडकायचा.

डीए कायदा करत नाही. खटला भरायचा की नाही, कोणत्या कलमाखाली, हे तो ठरवतो. चोरी किरकोळ गुन्ह्यात धरायची की गंभीर, ही रेषा कॅलिफोर्नियात 400 डॉलरवरून 950 वर नेणारा कायदा 2010 मध्ये झाला. त्यावर सही होती गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची, आणि ते रिपब्लिकन. मग 2014 च्या नोव्हेंबरमध्ये 'प्रपोझिशन 47' जनमताला गेलं आणि सुमारे 60 टक्के मतांनी मंजूर झालं. त्याने दुकानातली 950 पर्यंतची चोरी सरसकट किरकोळ गुन्ह्यात आणली. बूडिन खुर्चीवर बसला जानेवारी 2020 मध्ये. तेव्हा हे त्याने केलं म्हणणं म्हणजे नव्या सुनेने आल्या दिवशी घराचा पाया खचवला म्हणण्यासारखं.

आणि किरकोळ म्हणजे माफ नव्हे, काका. कॅलिफोर्निया दंडसंहितेचं कलम 459.5 उघडून बघा, कुणालाही वाचता येतं. दुकान उघडं असताना चोरीच्या इराद्याने आत शिरणं आणि माल 950 डॉलरपर्यंतचा असणं, हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत काउंटीच्या तुरुंगात. टेक्सासमध्ये हीच रेषा 2,500 डॉलरवर आहे. टेक्सासने अडीच हजारांपर्यंत चोरी कायदेशीर केली, असा मेसेज मला अजून कुणी पाठवलेला नाही.

आता आपल्याकडचं बघू. भारतीय न्याय संहिता, कलम 303. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. शिवाय एवढ्या रकमेची चोरी अदखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. काकांचंच तर्कशास्त्र लावायचं तर 1 जुलै 2024 पासून मिरजेच्या बाजारात 4,999 रुपयांपर्यंत सगळं फुकट! जा, आणा एक पातेलं उचलून.

अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाइलाजाने. दुकानांत चोऱ्या होतात. आमच्या जवळच्या औषधांच्या दुकानात टूथपेस्ट काचेच्या कपाटात कुलूपबंद असते. बटण दाबायचं, घंटी वाजते, किल्लीवाला येईपर्यंत टूथपेस्टकडे बघत उभं राहायचं. मागच्या वेळी आठ मिनिटं गेली. लोक वैतागले, ते उगाच नव्हे. त्याच वैतागातून 2024 च्या नोव्हेंबरमध्ये 'प्रपोझिशन 36' सुमारे 68 टक्क्यांनी मंजूर झालं. आता आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेल्या माणसाने तिसऱ्यांदा काही उचललं, तर रक्कम कितीही लहान असो, गंभीर गुन्हा लागू शकतो. म्हणजे मेसेज खोटा आहेच, वर शिळाही आहे.

आणि भाचेबुवा, तुझ्यासाठी ही रेषा मुळात नाहीच. चोरीतली शिक्षा व्हिसाच्या कायद्यात साधारणपणे नैतिक अधःपतनाचा गुन्हा म्हणून बघतात. जुलै 2025 मध्ये भारतातल्या अमेरिकन दूतावासाने जाहीरच सांगितलं, की अमेरिकेत मारहाण, चोरी, घरफोडी केलीत तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढचाही मिळणार नाही. तू भरलास ना तो डीएस-160 फॉर्म? त्यात प्रश्न होता, तुम्हाला कधी अटक झाली आहे का, शिक्षा झाली आहे का. माफी मिळाली असली तरी सांगा, असंही त्यात लिहिलंय. पुढच्या व्हिसाला हाच फॉर्म पुन्हा भरायचा आहे. वीस डॉलरच्या इअरफोनपायी तिथे 'हो' लिहावं लागलं, तर काका येणार नाहीत सोडवायला. माझी आई देवाला हात जोडतेय, पोरगं नीट पोचू दे म्हणून, आणि इथे ग्रुपवर हसताहेत.

आईबापांचं खरं आहे. कॅथी बूडिन आणि डेव्हिड गिल्बर्ट 1981 साली न्यूयॉर्कजवळ ब्रिंक्स कंपनीच्या पैशांच्या गाडीवर पडलेल्या दरोड्यात सामील होते. त्यात दोन पोलीस आणि एक सुरक्षारक्षक मेले. तेव्हा मुलगा 14 महिन्यांचा होता. त्याने काय करायला हवं होतं, पाळण्यातून उडी मारून अडवायला हवं होतं?

सोरोसने सुधारणावादी, म्हणजे तुरुंगावरचा भर कमी करू बघणाऱ्या, डीएंच्या निवडणुकांत पैसा घातला, हे तो स्वतःच सांगतो. 2022 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये त्याने तसा लेखच लिहिला. पण बूडिनला हटवणाऱ्यांनीही 70 लाख डॉलरच्या वर खर्च केले आणि त्यातले मोठे आकडे गुंतवणूकदार अब्जाधीशांचे होते. पैसा दोन्हीकडून येतो, मेसेजमध्ये एकाच बाजूचा येतो.

'एका दिवसात' तर साफ खोटं. 2021 मध्ये पहिला प्रयत्न सह्याच कमी पडल्या म्हणून फसला. दुसऱ्यांदा 51,325 सह्या लागत होत्या, 83 हजार जमवल्या. 7 जून 2022 ला मतदान झालं आणि सुमारे 55 टक्के लोक हटवा म्हणाले. लोकांचा राग बनावट नव्हता. 31 डिसेंबर 2020 ला पॅरोलवरच्या एका माणसाने चोरीच्या गाडीखाली दोन बायकांना चिरडलं. त्या वर्षात त्याला अनेकदा अटक झाली होती आणि बूडिनच्या कार्यालयाने नवे खटले न भरता त्याला पॅरोल खात्याकडे सोपवलं होतं. याला मला उत्तर देता येत नाही, आणि द्यायचंही नाही.

सह्या कशा जमतात तेही सांगते. आमच्या काउंटीतल्या डीए पामेला प्राइस यांच्या विरोधात मोहीम निघाली, तेव्हा इंडियन ग्रोसरीच्या दारात एक पोरगा क्लिपबोर्ड घेऊन उभा असायचा. "गुन्हे थांबवायचेत का?" एवढंच विचारायचा. नाही कोण म्हणेल? एका हातात कढीपत्ता, दुसऱ्या हाताने सही. सहीमागे पैसे मिळतात, हे त्यानेच मला सांगितलं. नोव्हेंबर 2024 मध्ये प्राइस हटल्या, सुमारे 63 टक्क्यांनी. मतपत्रिका टपालाने घरी येते, स्वयंपाकघरात बसून भरतात. नवऱ्याचं आणि माझं मत जुळलं नाही, एवढंच लिहिते.

फ्लोरिडाबद्दल मात्र मेसेजने उलटंच करून टाकलंय. तिथे जनतेने कुणालाही हाकललं नाही. टँपाच्या अँड्र्यू वॉरनला 4 ऑगस्ट 2022 ला गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी निलंबित केलं, दोनदा निवडून आलेला असताना. गर्भपाताचे खटले भरणार नाही अशा निवेदनावर त्याने सही केली, हे मुख्य कारण. असा एकही खटला त्याच्यापुढे आलेला नव्हता. जानेवारी 2023 मध्ये संघीय न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी म्हटलं, की या निलंबनाने राज्यघटनेचा भंग झाला, पण पदावर परत बसवण्याचा अधिकार मला नाही. वर्षभराने वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवलं. वॉरन 2024 च्या निवडणुकीत उभा राहिला आणि हरला.

दुसरी ऑर्लँडोची मोनिक वॉरेल. तिला 9 ऑगस्ट 2023 ला डिसँटिस यांनीच काढलं आणि जागी स्वतःचा माणूस नेमला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही निलंबन उचलून धरलं. मग नोव्हेंबर 2024 मध्ये निवडणूक आली. गव्हर्नरने नेमलेल्या त्याच माणसाला हरवून वॉरेल परत निवडून आली. जिला 'जनतेने हाकललं' म्हणताय तिला जनतेनेच परत बसवलंय, काका! निवडून दिलेल्यांनी परत बोलावणं आणि वरून हुकूम काढून घरी बसवणं या एकाच गोष्टी नव्हेत. सरपंचाला ग्रामसभेने नाकारलं आणि सरपंचाला मंत्रालयातून फोन आला, यातला फरक मिरजेत कुणाला समजवावा लागू नये.

'गुन्हे थांबले'? सॅन फ्रान्सिस्कोतले खून 2019 मध्ये 41 होते, 2021 मध्ये 56. त्यातला काळ कोविडचा, आणि तेव्हा देशभर खून वाढले. बूडिन गेल्यावर जुलै 2022 पासून ब्रुक जेंकिन्स डीए म्हणून आल्या. पुढच्याच वर्षी अमली पदार्थांच्या अतिसेवनाने शहरात आठशेच्या वर माणसं गेली, आजवरचा उच्चांक. 2024 मध्ये खून 35 वर आले, ही चांगली गोष्ट, पण तेव्हा ते देशभरच उतरत होते. श्रेय कुणाला ते इथल्यांचंही अजून ठरत नाही.

राहिलं भारताचं. आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमतं, त्यात वशिला चालतो, मान्य. पण निवडून द्यायचा म्हटलं की त्याचे फ्लेक्स लागणार, वाढदिवसाचे बॅनर लागणार, आणि मग आपल्या वॉर्डातल्या पोराचा खटला तो कसा भरणार, हे काकांनी विचारात घ्यावं. नगरसेवकांना सहलीला नेऊन ठेवलेलं त्यांनी पाहिलंय.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा दिला. भाच्याचा रात्री फोन आला, आवाज बारीक. "मावशी, तिकडे स्वतःच स्कॅन करून पैसे भरायचे ना? माझ्याकडून चुकून कोथिंबीर राहिली तर?" म्हटलं, पहिले दोन महिने तू कॅशियरच्याच रांगेत उभा राहा.