सगळ्याचा अर्थ ‘दरम्यान’ नसतो!

आज भाचीची इंग्लिशची वही बघितली आणि डोकंच फिरलं. क्लासमध्ये ‘लिंकिंग वर्ड्स’ची यादी दिलीये, मीनव्हाइल, इन द मीनटाइम, व्हाइल, ड्युरिंग, सायमल्टेनियसली, आणि सगळ्यांपुढे अर्थ एकच, दरम्यान. पाठ करून या, बस्स, झालं शिकवून! पोरीने वाक्य केलंय ‘मीनव्हाइल द एक्झाम आय वॉज सिक’. त्यावर लाल फुली. का चुकलं, एक अक्षर नाही.

अरे सांगा ना तिला, की नुसतं नाम असेल तर त्याच्या आधी ड्युरिंग, ‘ड्युरिंग द एक्झाम’. कर्ता-क्रियापदाचं अख्खं वाक्य जोडायचं असेल तर व्हाइल. आणि मीनव्हाइल एकटं उभं राहतं, त्याला आधी काहीतरी घडलेलं सांगितलेलं लागतं, त्याच्या पुढे ‘द एक्झाम’ चिकटवता येत नाही. दोन मिनिटांचं काम आहे.

एवढ्याशा शब्दावरून का चिडतोय, तर माझ्या पहिल्या नोकरीत कारखान्यात रात्रपाळीला अलार्म वाजला होता. ऑपरेटर पॅनेलकडे धावला आणि त्याच क्षणी आमचे सुपरवायझर कंट्रोल रूमला फोन लावत होते, मी शेजारीच उभा होतो. रिपोर्ट इंग्लिशमध्ये मी लिहिला. मला एकच शब्द यायचा, देन. अलार्म वाजला, देन ऑपरेटर पॅनेलपाशी गेला, देन सुपरवायझरने फोन केला. कागदावर काय दिसलं? ऑपरेटर पोचेपर्यंत हा माणूस हातावर हात ठेवून बसला होता. त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. माझ्यावर ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, “मी तेव्हा फोनवरच होतो रे.” ते वाक्य अजून जात नाही डोक्यातून.

यादी पाठ केली की मार्क पडतात, हे मान्य. पण आपल्याला हा फरक नव्याने शिकायचाच नाहीये, मराठीत रोज करतोच आपण! ‘साहेब येतील, तोवर तुम्ही फॉर्म भरा’, हा तोवर म्हणजे इन द मीनटाइम. ‘इकडे आम्ही शोधतोय आणि तिकडे तो झोपलाय’, त्यातलं तिकडे म्हणजे मीनव्हाइल. ‘मी लिहीत असताना फोन वाजला’ हे व्हाइल. आणि ‘चालता चालता बोलणं’, एकच माणूस दोन्ही करतोय, तिथे व्हाइल वॉकिंग. पोरांच्या तोंडात हे सगळं आधीच आहे आणि आपण त्यांना एकच ‘दरम्यान’ देतो, जो घरात बोलताना कुणी वापरतसुद्धा नाही, बातम्यांत ऐकायचा शब्द तो.

तसा ‘दरम्यान’ही सुंदर शब्द आहे हं. फारसीतला, ‘दर मियान’ म्हणजे मध्ये. आणि मीनव्हाइलमधला मीन म्हणजेही मधला, गणितात सरासरीला मीन म्हणतात ना, तोच, आणि व्हाइल म्हणजे वेळ. मधला वेळ! दोन भाषांनी एकच विचार केलाय. हे वर्गात सांगितलं तर पोरं विसरतील का?

संध्याकाळी भाचीला घेऊन बसलो. यादी बाजूला ठेवली आणि तिला त्या रात्रीची गोष्ट सांगितली, मराठीत, मग म्हटलं आता तू लिही. पेन्सिल चावत बसली जरा वेळ. मग लिहिलं, ‘व्हाइल द ऑपरेटर वॉज रनिंग टू द पॅनेल, द सुपरवायझर वॉज कॉलिंग द कंट्रोल रूम.’ आणि मला विचारते, “मामा, म्हणजे ते काका लगेच फोन करत होते ना?”

हो गं. लगेच करत होते.