वीस वर्षं, शून्य अपघात आणि एक प्रतिक्रिया

बहुतेक चालक स्वतःला सरासरीपेक्षा चांगले समजतात आणि सगळेच तसे असू शकत नाहीत, असं मी मागच्या लेखात एका अभ्यासाच्या आधारे म्हटलं होतं; घाबरत चालवणाऱ्यांची बाजूही घेतली होती. मग वाचकांना एक साधी गोष्ट करायला सांगितली होती: स्वतःच्या ड्रायव्हिंगला दहापैकी गुण द्या आणि ते कशाच्या आधारावर दिले तेही लिहा. त्यावर ‘अनुभवी चालक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी पूर्ण देते, म्हणजे सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

“ताई, लेख वाचून वेळ वाया गेला. वीस वर्षं गाडी चालवतोय, एकही अपघात नाही, याहून मोठा पुरावा काय हवा? बहुतेक लोक सरासरीपेक्षा चांगले असूच शकत नाहीत, हे तुमचं गणित शाळकरी आहे. तुम्ही दिलेला अभ्यास कॉलेजच्या पोरांवर केलेला. घाबरटांचं कौतुक कशाला, रस्ता अडतो तो त्यांच्यामुळेच. असले लेख लिहिण्याआधी कधी स्टिअरिंग हातात धरलंय का?”

वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण खरं सांगायचं तर तेच टोचलं. मुद्दा खोडायचा असेल तर खुशाल खोडावा. पण आधी ‘ताई’ म्हणायचं आणि प्रतिक्रिया संपेपर्यंत ‘स्टिअरिंग धरलंय का’ वर यायचं, ही कुठली रीत? मी सतरा वर्षं ड्रायव्हिंग शिकवते. माझी जागा शिकणाऱ्याच्या शेजारी, आणि माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक. तो कधी दाबायचा आणि कधी पाय आवरून धरायचा, यावर माझं पोट चालतं. हाच प्रश्न एखाद्या पुरुष लेखकाला विचारला असतात का, त्या वाटेला मी जात नाही. (गेलेच की. असो.)

एक चूक मान्य करते. ‘सरासरी’ हा शब्द मी ढिलेपणाने वापरला. दहा चालक घ्या. नऊ जणांचे अपघात शून्य आणि एकट्या दहाव्याचे दहा. सरासरी निघाली माणशी एक अपघात, आणि नऊ जण सरासरीपेक्षा चांगले ठरले! गणितात काही गडबड नाही. तेव्हा मी ‘मध्यक’ म्हणायला हवं होतं, म्हणजे सगळ्यांना क्रमाने उभं केलं की मधोमध येणारा. मध्यकाच्या वर निम्म्याहून जास्त लोक मावत नाहीत. आणि मी दिलेल्या १९८१ च्या अभ्यासात स्वेन्सन या संशोधकाने नेमकं हेच विचारलं होतं, की या गटात तुम्ही कितव्या जागी? कौशल्याच्या बाबतीत अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. सुरक्षिततेत ८८ आणि ७७ टक्के. शब्द माझा चुकला, निष्कर्ष जागेवर आहे. ती कॉलेजची पोरं होती, हेही खरं. पुढे चला.

आता तुमचं लाडकं वाक्य. वीस वर्षं, एकही अपघात नाही.

अपघात ही मुळात विरळ घटना आहे, त्यामुळे तो न होणं यातून फारसं काही सिद्ध होत नाही. हिशोबापुरतं धरू की साधारण चालकाचा वीस वर्षांत एक अपघात होतो. म्हणजे प्रत्येकाचा एक होतो असं नाही. कुणाचे दोन, कुणाचे तीन, कुणाचा एकही नाही. निव्वळ योगायोगाच्या हिशोबाने असे शंभर चालक घेतले, तर त्यातले ३७ वीस वर्षं कोरे निघतात. आता शंभर असे घ्या ज्यांचा धोका दुप्पट आहे, म्हणजे जे उघडउघड वाईट चालवतात. त्यांच्यातलेही १३-१४ जण वीस वर्षांनंतर कोरेच असतात. हे तेरा-चौदा जण काय म्हणत असतील? अगदी तुमचंच वाक्य, तितक्याच खात्रीने. तुम्ही त्यांच्यातले आहात असं मी म्हणत नाही. तुम्ही त्यांच्यातले नाही आहात, हे तुमच्या पुराव्यावरून कळत नाही, एवढंच.

उलट बाजूही बघा. प्रेस्टन आणि हॅरिस यांनी १९६५ मध्ये अमेरिकेत अपघातानंतर थेट रुग्णालयात पडलेल्या ५० चालकांना विचारलं की तुम्ही कसं चालवता. पोलिसांच्या नोंदींप्रमाणे त्यातल्या ३४ जणांचा अपघात त्यांच्याच चुकीने झाला होता. शेजारी तुलनेला अपघात न झालेले ५० जण होते. दोन्ही गटांनी स्वतःला जवळपास सारखेच गुण दिले, ‘निष्णात’ या टोकाकडे झुकणारे. म्हणजे अपघात झाला तरी मत बदलत नाही, आणि नाही झाला तर ते पुरावा म्हणून मिरवायचं! (ही कॉलेजची पोरं नव्हती, दादा.)

मग वीस वर्षांत माणूस शिकतो तरी काय? जे रोज करतो ते. गिअर, क्लच, पार्किंग, वळणावरचा अंदाज. लाखो वेळा केल्याने हात बसतो आणि त्यातूनच ‘आपल्याला येतं’ ही भावना तयार होते. पण अपघाताच्या क्षणी लागतात त्या गोष्टींचा सराव या वीस वर्षांत कदाचित एकदाही झालेला नसतो. पूर्ण जोराने ब्रेक मारणं हीच गोष्ट घ्या. शेवटचा कधी मारला होतात?

ताशी साठ म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. समोर काही आलं, डोळ्यांनी टिपलं, पाय ब्रेकवर पोचला, यात दीड सेकंद धरा. २५ मीटर तिथेच गेले. कोरडा डांबरी रस्ता, चांगले टायर आणि पूर्ण दाबलेला ब्रेक असेल तर आणखी २० मीटरमध्ये गाडी उभी राहते. आता दुसरा चालक, तोच वेग, तीच चपळाई, पण ब्रेक निम्म्या जोराने. त्याला २० ऐवजी ४० मीटर लागतात. ज्या जागी पहिल्याची गाडी पूर्ण थांबली, त्याच जागेवरून दुसरा ताशी ४२ च्या वेगाने पुढे जात असतो. तिथे पादचारी उभा असेल तर फरक काय पडतो ते लिहायला नको.

आणि निम्म्या जोराने मारणारे थोडेथोडके नाहीत. पाय झटकन जातो पण पुरेसा दाबत नाही, हे लक्षात आल्यावरच मर्सिडीजने १९९६ मध्ये ‘ब्रेक असिस्ट’ आणलं. पेडल किती वेगाने खाली गेलं ते ओळखून गाडी स्वतःच उरलेला जोर लावते. सगळे अनुभवी चालक अनुभवाने शिकले असते, तर कारखान्याला हा खटाटोप कशाला करावा लागला असता?

पूर्ण जोराचा ब्रेक करून बघायचा असेल तर एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेली गाडी आणि मोकळं, कोरडं आवार हवं. आसपास माणूस नको, मागे गाडी नको, सीटवर सुटं सामान नको. आधी बैठक तपासा: पाठ सीटला टेकलेली असताना ब्रेक तळापर्यंत दाबला, तरी गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. पाय सरळ होत असेल तर सीट मागे आहे आणि जोर लागणारच नाही. मग चाळीसचा वेग घ्या, ठरवलेल्या खुणेशी ब्रेक लाथ मारल्यासारखा दाबा, मॅन्युअल गाडी असेल तर क्लचही सोबत, आणि गाडी उभी राहीपर्यंत दोन्ही पाय तसेच ठेवा. पेडल पायाखाली थडथड करतं, खालून खरखर ऐकू येते. काही मोडलेलं नसतं, तो एबीएसचा आवाज. नेमक्या याच क्षणी पाय दचकून सैल होतो. वीस-वीस वर्षं चालवलेल्यांचाही होतो, आणि नवशिक्यापेक्षा त्यांना त्याचं आश्चर्य जास्त वाटतं. एबीएस नसलेल्या गाडीत हा प्रयोग करू नका. चाकं लॉक होतात, स्टिअरिंग ऐकत नाही आणि गाडी फिरते.

अपघात न होण्याचं आणखी एक कारण आहे, जे तुमच्या हिशोबात नाही: बाकीचे लोक. तुम्ही लेन बदलली, बाजूच्या आरशात काही दिसलं नव्हतं, पण खांद्यामागच्या आंधळ्या पट्ट्यात एक दुचाकी होती. तिने ब्रेक मारला, तुम्हाला शिव्या घातल्या आणि मागे पडली. तुम्हाला काय कळलं? काहीच नाही. तुमच्या नोंदीत ती लेन ‘सुखरूप बदलली’ अशीच जमा झाली. चूक आपण करायची आणि दुरुस्त दुसऱ्याने करायची, असं वर्षानुवर्षं चाललं तरी आपली पाटी कोरीच राहते. आरसे बहुतेकांचे इतके आत वळवलेले असतात की त्यात स्वतःच्याच गाडीचं दार पाव आरसा खातं. डोकं चालकाच्या खिडकीला टेकवून त्या बाजूचा आरसा असा फिरवा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. मग डोकं गाडीच्या मध्यावर आणून दुसरा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशातून जवळजवळ गायब होते. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं, पण पट्टा बराच कमी होतो. खांद्यावरून एक नजर तरीही टाकायचीच.

कौशल्य वाढलं की आपोआप सुरक्षितता वाढते, हेही तुम्ही गृहीत धरलंय. अमेरिकेत १९७४ मध्ये विल्यम्स आणि ओनील यांनी शर्यतीचा परवाना असलेल्या चालकांच्या साध्या रस्त्यावरच्या नोंदी काढल्या. गाडीवर त्यांच्याइतकी पकड कुणाची असणार? तरी त्यांचे अपघात आणि नियमभंग सामान्य चालकांपेक्षा जास्त निघाले. स्वीडनमध्ये ग्रेगर्सनने १९९६ मध्ये तरुण चालकांचे दोन गट केले. एकाला निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचा सराव दिला. दुसऱ्याला तेच करून दाखवलं, पण ‘बघा, हे तुमच्या हातात नाही’ हे पटवण्यासाठी. नंतर चाचणी घेतली. प्रत्यक्ष कौशल्य दोघांचं सारखंच, पण पहिल्या गटाला आपण जास्त चांगले आहोत असं वाटत होतं. गाडी सुधारली नाही, फक्त छाती फुगली.

‘घाबरटां’बद्दल थोडक्यात, कारण तो शब्द वापरणाऱ्याशी लांब बोलण्यात अर्थ नाही. तीसच्या वेगाने मधल्या लेनमध्ये रेंगाळणारा धोका असतो, कबूल. पण भीती म्हणजे न येणं नव्हे. घाबरलेला माणूस बॉनेटच्या पुढचे दहा-पंधरा मीटरच बघतो. नवशिके जवळचं बघतात आणि आरशांकडे कमी बघतात, हे मोरँट आणि रॉकवेल यांनी १९७२ मध्येच मोजून दाखवलंय. जवळ बघितलं की स्टिअरिंगला सतत बारीक हिसके बसतात, गाडी डुलते, आणि गाडी डुलली की भीती आणखी वाढते. अशा माणसाला ‘धीर धर’ सांगून काही होत नाही. नजर उचलायला सांगायची: दहा सेकंदांनी जिथे पोचाल तिथे, म्हणजे पन्नासच्या वेगाला जवळपास १४० मीटर पुढे. पकड सैल, कोपरं थोडी वाकलेली. पाच मिनिटांत गाडी सरळ धावू लागते, आणि तसं झालं की भीती आपोआप उतरते. फाजील आत्मविश्वासावर इतका सोपा उपाय माझ्याकडे नाही.

वेळ वाया गेला म्हणालात, तर अजून अर्धा तास घालवा. नेहमीच्या रस्त्याने गाडी काढा, शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला तीन गोष्टींच्या रेघा मारायला सांगा. किती वेळा ब्रेकने त्याचे खांदे पुढे गेले. किती वेळा खांद्यावरून न बघता लेन बदलली. आणि किती वेळा पुढच्या गाडीपासूनचं अंतर दोन सेकंदांहून कमी होतं: पुढची गाडी खांबापाशी गेली की त्याने ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचं, ते संपायच्या आत तुमचं नाक खांबाशी पोचलं तर रेघ. ऐंशीच्या वेगाला हे दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर, डोळ्यांना वाटतं त्याहून बरंच जास्त. मोजायचं त्याने, तुम्ही नाही. आणि रेघा मारताना त्याचा स्वतःचा पाय किती वेळा नसलेला ब्रेक दाबतो, तेही जमलं तर विचारा.

जे आकडे येतील ते इथेच खाली लिहा, मी छापीन. ‘ताई’ म्हणालात तरी चालेल.