टँकर खाली होत असताना हॉर्न वाजवणाऱ्यांना

आज सकाळी कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या अलीकडं एका पंपावर थांबले होते. टँकर खाली होत होता, त्यामुळं रांग रस्त्यापर्यंत आलेली. माझ्या मागच्या बुलेटवाल्याचा हॉर्नवरचा हात निघता निघेना. "ओ मामा, पाइप लावली की झालं की! किती वेळ मोजत बसताय?" आणि हे म्हणत म्हणत त्यानं खिशातून सिगारेट काढली. टँकरपासून पंधरा पावलांवर!

मी गाडी स्टँडला लावून त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. "तुमचा काय संबंध, काकू?" म्हणून गेला.

संबंध सांगते. माझे अण्णा तेवीस वर्षं टँकरवर होते. हजारवाडीला माल भरायचा आणि कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, जिथलं चलन, म्हणजे माल पोचवायचा कागद, असेल तिथं न्यायचा. माझ्या साखरपुड्याचा मुहूर्त साडेबाराचा, अण्णा आले तीन वाजता. कागलकडं एका पंपावर टँकर खाली करत होते. पंपाचे मालक म्हणालेले, जावा तुम्ही, क्लीनर बघंल. अण्णा हलले नाहीत. पाहुण्यांसमोर आईला काय सांगावं कळेना. आणि आल्यावर त्यांनी मला पेढाही स्वतःच्या हातानं भरवला नाही, आईला भरवायला लावला. ते मला फार लागलं होतं.

"मोजत बसताय" म्हणे! सील बघायचं, डीप मारायचा म्हणजे पट्टी बुडवून माल मोजायचा, आणि पाइपला हात लावायच्या आधी अर्थिंगची वायर जोडायची. पेट्रोल पाइपातून वाहताना नुसत्या घर्षणानं त्यात वीज साठते. नायलॉनची साडी सोडताना चटचट होतं ना, तीच. ती जमिनीत उतरावी म्हणून वायर आधी आणि पाइप नंतर. काढताना उलटं. पेट्रोल उणे ४० अंशांच्या थंडीतसुद्धा पेटण्याइतकी वाफ सोडतं, इथं तर आपलं ऊन. ती वाफ हवेच्या तीन-चार पट जड. वर जात नाही, जमिनीलगत सरपटते, गटारात, खड्ड्यात बसून राहते. त्या बुलेटवाल्याच्या पायाशी काय होतं, ते त्याला दिसत नव्हतं एवढंच.

रस्त्यावरही तेच. टँकर वळणावर हळू झाला की मागून शिव्या. अण्णा मला दुधाच्या किटलीवरून सांगायचे. भरलेली किटली गप्प असते, अर्धी डचमळते. म्हणून टँकरच्या पोटात वेगवेगळे कप्पे असतात आणि आडव्या जाळ्यांसारखे भोकांचे पत्रे. ते नसतील तर ब्रेक मारल्यावर सगळा माल पुढं धावेल, वळणावर बाजूला, आणि गाडी पालथी. काठोकाठ भरायचीही सोय नाही. दहा अंशांनी तापलं तर २०,००० लिटरचं जवळपास २०० लिटर वाढतं, त्याला वर जागा लागते. एवढं सगळं पाठीवर घेऊन तो माणूस शिरोलीच्या पुलावरून जातो आणि तुम्ही त्याला कट मारता?

हो, काही टँकरवाले सुसाट हाणतात, काही वाटेत माल काढतात. माहीत आहे मला. त्यांना धरा.

पण टँकर उलटला की बादल्या, कॅन घेऊन पळत जाणारे कोण असतात? आपणच. २५ जून २०१७ ला पाकिस्तानात अहमदपूर ईस्टला असाच टँकर उलटला, लोक पेट्रोल भरून न्यायला जमले आणि भडका उडाला. दोनशेपेक्षा जास्त माणसं गेली. फुकटच्या पेट्रोलसाठी. हे लिहितानाही माझे हात थरथरताहेत.

२०१९ च्या पुरात हायवे बंद पडला होता, पंप कोरडे, आठवतंय ना? पाणी थोडं उतरल्यावर आधी सोडलेल्या गाड्यांत हेच टँकर होते. तेव्हा कुणी हॉर्न वाजवला नाही.

असो. राग आता उतरलाय. सकाळी टँकरवाल्या मामांचं काम संपेपर्यंत मी तिथंच थांबले. पाइप काढली, झाकणं लावली, वायर सगळ्यात शेवटी गुंडाळली. मी म्हटलं, मामा, चला, चहा घेऊ. तर ते लांबच उभे राहून म्हणाले, "नको ताई, हाताला वास हाय. दोनदा साबण लावला तरी जात न्हाई."

अण्णा त्या दिवशी आल्या आल्या मागच्या दारी नळाखाली किती वेळ हात धूत बसले होते, ते मला आज सकाळी आठवलं.