प्रेक्षक गेले म्हणे!

सकाळी सकाळी ग्रुपवर एका काकांनी रिकाम्या खुर्च्यांचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, 'राष्ट्रगीताला गुडघे टेकले ना? बघा प्रेक्षकांनी कशी अद्दल घडवली.' म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधले, एनएफएलमधले काही खेळाडू काळ्या लोकांवरच्या पोलिसी अत्याचाराचा निषेध म्हणून राष्ट्रगीताला उभे न राहता गुडघा टेकायचे, त्याबद्दल. त्यावर धडाधड अंगठे. मी कामाला बसणार होते, पण आता हे लिहिल्याशिवाय माझ्याने काही होणार नाही.

काका, फोटो कॅलिफोर्नियातल्या लीव्हाइज स्टेडियमचा आहे, आमच्या फोर्टीनाइनर्स टीमच्या घरच्या मैदानाचा, आणि पूर्वेकडच्या स्टँडचा. तिथे सप्टेंबरच्या दुपारी अर्धा तास बसून दाखवा. ऊन असं समोरून तोंडावर येतं की तिकीट खिशात असलेली माणसं मागे सावलीत जाऊन उभी राहतात. शिवाय २०१६ साली फोर्टीनाइनर्स पहिली मॅच २८-० जिंकले आणि पुढच्या सलग १३ हरले. तेरा! खुर्च्या रिकाम्या व्हायला राष्ट्रगीत कशाला हवं?

आमची तिकिटं त्याच उन्हाच्या बाजूला. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा असतात, व्हिएतनामला लढून आलेले. चार डावांत दहा यार्ड हा सगळा हिशेब त्यांनी मला नाचोजच्या डब्यावर बोटाने रेघा मारून शिकवला. अंगात कायम सात नंबरची जर्सी, कॉलिन केपर्निकची. गुडघा टेकण्याची सुरुवात केली ती ह्याच फोर्टीनाइनर्सच्या खेळाडूने. २०१३ च्या जानेवारीत ग्रीन बेविरुद्ध तो क्वार्टरबॅक, म्हणजे मुख्यतः चेंडू फेकणारा, असून एकटा १८१ यार्ड धावला, तेव्हा घेतलेली.

२०१६ ची घरची पहिली मॅच सोमवारी रात्री होती. राष्ट्रगीत सुरू झालं, केपर्निक आणि त्याच्याच टीममधला एरिक रीड गुडघ्यावर. आजोबा टोपी छातीशी धरून ताठ उभे. गीत संपलं आणि त्यांनी अशी हुर्यो केली की माझ्या कानठळ्या बसल्या. पुढच्या मॅचला जर्सी तीच, पण पाठीवरच्या नावावर रुपेरी चिकटपट्टी. नाव झाकलेलं, सात आकडा उघडा. 'आकडा टीमचा आहे, त्याचा नाही,' म्हणाले.

पण आले ना! त्याच्या पुढच्या मॅचलाही आले, सगळ्या सीझनभर आले. हरणाऱ्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडले. ह्याला प्रेक्षक जाणं म्हणतात?

बरं, टीव्हीवरचे आकडे २०१६ आणि २०१७ ला खाली आले, मान्य. काही लोकांनी रागाने मॅच बघणं सोडलंही असेल. पण निवडणुकीचं वर्ष, घराघरांतून निघत चाललेली केबल, खेळाडूंच्या मेंदूला होणाऱ्या दुखापतींच्या बातम्या, हे सगळं सोडून एका गुडघ्यावर खापर? आणि २०१८ ला आकडे परत वर गेले, तो फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि गंमत बघा. पोरगा गुडघ्यावर बसला त्याच महिन्यात त्याची जर्सी लीगमध्ये सगळ्यात जास्त खपली. पुढच्या वर्षी स्टीलर्स टीमचा विलानुएव्हा, माजी सैनिक, शिकागोत बाकी टीम आत थांबलेली असताना राष्ट्रगीताला एकटाच मैदानात येण्याच्या बोगद्याच्या तोंडाशी उभा राहिला, लगेच त्याची जर्सी पहिली. दोन्ही बाजूंचे पैसे एकाच गल्ल्यात. प्रेक्षक तुटतील म्हणून कुणाच्या पोटात गोळा आला होता मग?

टीमच्या मालकांच्या! २२ सप्टेंबर २०१७ ला अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या सभेत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मालकांना सांगितलं, असल्या खेळाडूंना शिव्या घालून हाकला. त्या रविवारी दोनशेहून जास्त खेळाडू गुडघ्यावर किंवा बाकावर बसले. २०१८ च्या मे महिन्यात मालकांनी नियम काढला, मैदानात असाल तर उभे राहा, नाहीतर लॉकर रूममध्ये थांबा. दोन महिन्यांत तो गुंडाळून ठेवावा लागला. ह्यात प्रेक्षकांना कुणी विचारलं होतं? आपल्यातले निम्मे लोक राष्ट्रगीत चालू असताना बिअरच्या रांगेत असतात, तेव्हा कुणाचा देशाभिमान दुखावत नाही.

हो, पोलिसाची टोपी घातलेल्या डुकरांची चित्रं असलेले केपर्निकचे ते मोजे मलाही पटले नव्हते. आणि त्या सीझनला तो फार काही भारी खेळत नव्हता, हेही खरं. झालं समाधान?

पण तो आधी नुसता बाकावर बसत होता. बसू नकोस, गुडघा टेक, हे त्याला सुचवलं नेट बॉयर नावाच्या माजी ग्रीन बेरेने, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या खास दलातल्या सैनिकाने. मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा ते अख्खा क्वार्टर काही बोलले नाहीत. मग एकदम, 'ग्रीन बेरे? नक्की?' एवढंच. चिकटपट्टी त्यांनी काढली नाही. धुऊन धुऊन तिच्या कडा सुटल्यात, त्या परत दाबतही नाहीत. मला हा माणूस त्या अंगठेवाल्यांपेक्षा शंभर पटीने आवडतो.

ज्यांना अजून वाटतं की हा सगळा प्रश्न राष्ट्रगीताच्या मानाचा होता, त्यांनी सप्टेंबर २०२० ची कॅन्सस सिटीची मॅच आठवावी. राष्ट्रगीत होऊन गेलेलं होतं. दोन्ही टीम हातात हात घालून एकोप्यासाठी क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या. गुडघा नाही, मूठ नाही. तरी हुर्यो! पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडला जाऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या रात्री मी आजोबांना फोन केला, ही हुर्यो कशासाठी म्हणून विचारलं. 'मला नको विचारू,' म्हणाले, आणि मग बराच वेळ परसातल्या लिंबाच्या झाडाबद्दल बोलत बसले.

राग येतो लोकांना, ओरडतात, परत येतात. सॉकरवाल्या मेगन रॅपिनोनेही २०१६ च्या सप्टेंबरमध्येच गुडघा टेकला होता. २०१९ ला तिच्या टीमने वर्ल्ड कप आणला, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मिरवणुकीला तोबा गर्दी. धावपटू स्मिथ आणि कार्लोसनी १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये पदक घेताना राष्ट्रगीताला मूठ वर केली, म्हणून त्यांना मेक्सिकोतून घरी धाडलं होतं. आज स्टेडियमपासून जवळच सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत त्यांचा पुतळा आहे, त्यांच्यासोबत उभ्या असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या पीटर नॉर्मनची जागा मोकळी ठेवलेली, आणि आपलेच लोक तिथे चढून फोटो काढतात. काका, तुमचाही आहे तिथला!

केपर्निकचं काय झालं? २०१७ च्या मार्चनंतर एकाही टीमने घेतलं नाही. मालकांनी संगनमताने आपल्याला बाहेर ठेवलं, ही त्याची तक्रार २०१९ ला तडजोडीने मिटवली. जून २०२० मध्ये लीगचे कमिशनर गुडेल कॅमेऱ्यासमोर म्हणाले, आम्ही खेळाडूंचं आधी ऐकायला हवं होतं. केपर्निकचं नाव काही तोंडातून निघालं नाही. २०२२ च्या मे महिन्यात रेडर्स टीमने त्याची चाचणी घेतली, करार केला नाही. चौतीस वर्षांचा होता तेव्हा. ती बातमी मी आजोबांना दाखवली. चष्मा वर करून सगळी वाचली आणि म्हणाले, 'पाय गेले असतील आता. हात असेल अजून. ह्या वर्षी आपल्याकडे आहेत त्यांच्यापेक्षा बराच असेल.'