कमी बोलतो म्हणजे शिष्ट? कुणी ठरवलं हे?

अर्ध्या तासात माणूस ओळखणाऱ्या लोकांचा मला आता मनापासून संताप येतोय. चहा, पोहे, चार प्रश्न, की लगेच निकाल तयार. "मुलगा चांगला आहे हो, पण मोकळा वाटला नाही. जरा एकलकोंडा आहे का?" माझ्या धाकट्या भावाबद्दल परवा फोनवर हे ऐकलं आणि डोकंच फिरलं.

मोकळा कसा वाटेल? त्याला बोलू कुणी दिलं? मी तिथेच बसलो होतो. मुलीच्या काकांनी विचारलं, कामाचं स्वरूप काय? भावाने पोह्यांची बशी खाली ठेवली, एक क्षण विचार केला, तोंड उघडलं, तोवर आमचे मामा सुरू! पगार, फ्लॅट, कर्जाचे हप्ते, सगळं त्यांनीच सांगून टाकलं. पुढचा प्रश्न, पुन्हा तेच. त्याने पुन्हा बशी उचलली आणि मुकाट्याने खाऊ लागला. मग म्हणे बोलत नाही! आठ माणसं एकाच वेळी बोलत असताना सगळ्यांवर आवाज चढवून बोलणं हा गुण कधीपासून झाला?

शाळेतही हेच. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी शेरा: 'वर्गात सहभाग कमी'. पेपरात उत्तरं बरोबर असायची, त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. आता ऑफिसातही मीटिंगमध्ये जो जास्त बडबडतो तोच हुशार. बायकांची तर आणखी पंचाईत. नवी सून गप्प राहिली तर शिष्ट, बोलली तर आगाऊ. तिने करायचं तरी काय?

याहून जास्त राग येतो तो समजूत घालणाऱ्यांचा. "अरे, शांत माणसंच मोठी कामं करतात, तो अजिंक्य रहाणे बघ!" हो, बघितला. कोहलीच्या शेजारी हा फारच थंड, याच्यात आग नाही, हे आमच्याच कट्ट्यावर म्हणायचात ना? डिसेंबर 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला भारत 36 धावांत गारद झाला, कोहली घरी परतला आणि मेलबर्नला याने कर्णधार म्हणून 112 धावा केल्या. जडेजासोबत चोरटी धाव घेताना धावबाद झाला, तरी चिडला नाही, उलट जडेजालाच धीर देऊन गेला. मालिका 2-1 ने जिंकून मुंबईला आल्यावर स्वागताला ऑस्ट्रेलियाचं प्रतीक असलेल्या कांगारूचा केक आणला होता, तो कापायलाही त्याने नकार दिला. मग सगळ्यांना त्याच्या शांतपणात एकदम संयम, संस्कार, मोठेपण दिसायला लागलं.

आणि ते शतक झालंच नसतं तर? तर सगळं खापर तुम्ही त्याच शांतपणावर फोडलं असतं! माणूस तोच, स्वभाव तोच. म्हणजे बडबड्या माणसाने काहीही न करता तो दिलखुलास, आणि अबोल माणसाने मात्र आधी ऑस्ट्रेलिया जिंकून यायचं, तेव्हा त्याला गप्प राहायची परवानगी. हा कुठला न्याय? माझ्या भावाने कुणाला काहीही सिद्ध करून का दाखवायचं? तो साधी नोकरी करतो, रात्री जेवताना आईशी निवांत गप्पा मारतो, माझ्या मुलीला गणित शिकवताना तिने दहादा विचारलं तरी दहादा सांगतो. घरात त्याचा आवाज असतो. फक्त तो पहिल्याच भेटीत अनोळखी माणसांसमोर खुलत नाही. एवढाच त्याचा गुन्हा.

पुढच्या रविवारी आणखी एका स्थळाकडे जायचंय. आईने आतापासूनच त्याच्यामागे धोशा लावलाय, "जरा बोल रे बाबा तिथे." काल मी तिला स्पष्ट सांगितलं, त्याला काही शिकवू नकोस. मामांना सांग, प्रश्न त्याला विचारलाय, उत्तर तोच देईल. आणि त्याला दोन क्षण लागले, तर तेवढा वेळ सगळ्यांनी थांबायचं.