रूट बदला म्हणे!

"कंटाळा आलाय? रूट बदला, प्रेरणा मिळेल!" असं सांगणाऱ्याला एकदा माझ्या सायकलवर बसवून सोलापुरातून सोडायचंय.

बदलतोय की बे! दुसरं काय करतोय?

तुळजापूर रस्ता धरला. जेमतेम ४५ किलोमीटर, वाटेत हिप्परग्याचा तलाव, सगळं झकास. आणि समोरून चुकीच्या बाजूने ट्रॅक्टर! हेडलाइट एकच, तोही आभाळाकडे बघणारा. मग होटगी रस्ता. तिथं उसाच्या ट्रॉल्या, त्यांना ओव्हरटेक करणारी जीप आणि कडेच्या चिखलात मी. अक्कलकोट रस्ता? तिकडं स्पीड जरा कुठं बत्तीसला लागला की स्पीडब्रेकर. रंग नाही, पाटी नाही. हाडांनीच ओळखायचा.

शेवटी बार्शी रोड, नान्नजकडे. माळढोकाचं माळरान! माळढोक दुर्मीळ, मान्य. पण कुत्री दुर्मीळ व्हायला काय हरकत होती? चार जणांनी असं पळवलं की तेवढ्यापुरता कोचच नको. वर बाभळीचा काटा. माझं टायर २५ मिलिमीटर, काटा त्याहून लांब. पांढरा, ताठ, अगदी मधोमध घुसलेला.

पंप मारत बसलो तर बाइकवाले काका थांबले. वाटलं, मदत करतील.

"केवढ्याला घेतली?"

सांगितली किंमत.

"येडा का बे? एवढ्यात जुनी बुलेट आली असती की!"

ही घ्या प्रेरणा. आणि उन्हाळ्यात तर आठ वाजताच डोक्यावर तवा. आता कुठला रूट बदलू, विजापूरला जाऊन राहू?