६३ गुण, तरी हार

संघाची ओळख म्हणजे त्याचा स्टार, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही बुवा. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचंच बघा: १९८६ च्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) मायकेल जॉर्डनने बोस्टनविरुद्ध एका सामन्यात ६३ गुण ठोकले, तरी त्याचा संघ शिकागो हरला. मालिकाही ३-० ने गेली. विजेतेपद आलं ते थेट १९९१ मध्ये, प्रशिक्षक फिल जॅक्सनच्या हाताखाली चेंडू सगळ्यांकडे फिरायला लागल्यावर. १९९७ च्या फायनलमध्ये, सहाव्या सामन्याच्या शेवटच्या काही सेकंदांत प्रतिस्पर्धी संघाचे दोघे अंगावर आले तेव्हा जॉर्डनने सरळ पास दिला आणि निर्णायक बास्केट मारली त्याचा सहकारी स्टीव्ह कर याने. (पोस्टर मात्र जॉर्डनचीच, ते चालायचंच!) आणि २००४ च्या फायनलमध्ये शकील ओनील, कोबी ब्रायंटसारखे बडे स्टार असलेल्या लेकर्सना ४-१ ने लोळवणाऱ्या डेट्रॉइटचा स्टार कोण म्हणाल? बिलप्स, हॅमिल्टन की बेन वॉलेस?